अ‍ॅमेझॉनचा ऑक्सिजन आणि पडीक माळ: एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

जागतिक पर्यावरण दिन जवळ आला की मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर जंगलांबद्दलचा एक मजकूर हमखास फिरू लागतो. शब्द थोडे बदलतात, सोबतचा हिरवागार फोटो बदलतो, मुद्दे मात्र तेच. अ‍ॅमेझॉन जगाला २० टक्के ऑक्सिजन पुरवते, म्हणून वाचवायचे ते आधी तेच. उत्तरेकडची बर्फाळ मुलखातली सूचिपर्णी जंगले एकसुरी आणि मंद वाढीची, त्यांचा पृथ्वीला फारसा उपयोग नाही. म्हातारी झाडे कार्बन शोषणे थांबवतात, ती काढून नवी लावावीत. उन्हाळ्यात ओकीबोकी दिसणारी जंगले आणि उजाड माळ म्हणजे बिघडलेली जमीन, तिथे झाडे लावली की झाले. एखादे जंगल तोडावेच लागले तर दुसरीकडे दुप्पट झाडे लावून भरपाई होते. आणि शेवटी दिलासा: भारताचे वनक्षेत्र वाढतेच आहे.

पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. जंगलाबद्दल आस्था असलेली माणसेच हे पुढे ढकलतात आणि म्हणून त्याचा परिणामही होतो. शाळेतल्या भाषणांत, सोसायटीच्या वृक्षारोपणात, कंपन्यांच्या जाहिरातींत हेच मुद्दे पुन्हा भेटतात. या सगळ्यांच्या बुडाशी एक समजूत आहे: जंगल म्हणजे झाडांची बेरीज, आणि एक जंगल दुसऱ्याच्या जागी चालून जाते. ती समजूतच चुकीची आहे. कशी, ते एकेका दाव्यावरून पाहू.

दावा १: अ‍ॅमेझॉन जगाला २० टक्के ऑक्सिजन देते

ऑगस्ट २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉनमध्ये वणवे पेटले होते, तेव्हा फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांनीही हा आकडा ट्विटरवर लिहिला. मग त्याला अडवणार कोण? आकडा अगदीच हवेतून आलेला नाही. ऑक्सफर्डचे परिसंस्था-अभ्यासक यदविंदर मल्ही यांनी तेव्हाच त्याचा हिशेब मांडला होता. जमिनीवर जेवढे प्रकाशसंश्लेषण होते त्यातला अ‍ॅमेझॉनचा वाटा साधारण १६ टक्के. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतीही धरल्या तर ९ टक्के. पण ही झाली फक्त जमेची बाजू. झाडे स्वतः श्वसन करतात, आणि खाली पडलेली पाने, फांद्या, ओंडके कुजवणारी बुरशी आणि जिवाणू उरलेला ऑक्सिजन वापरून टाकतात. पुऱ्या वाढलेल्या जंगलात जमा आणि खर्च जवळपास सारखाच. जगाला वाटायला अ‍ॅमेझॉनकडे शिल्लक उरते ती जवळजवळ शून्य.

आपल्या श्वासातला ऑक्सिजन कोट्यवधी वर्षांत साठलेला आहे. समुद्रतळाच्या गाळात गाडले गेलेले सेंद्रिय द्रव्य कुजले नाही, ते कुजवायला लागला असता तेवढा ऑक्सिजन खर्चच झाला नाही, तो हवेत राहिला. आज हवेत तो सुमारे २१ टक्के आहे, आणि साठा इतका प्रचंड की जगातली सगळी जंगले जळून खाक झाली तरी त्यातला शंभरावा भागही कमी होणार नाही. म्हणजे जंगले गेल्यावर आपले वाईट होईल ते गुदमरून नव्हे, इतर अनेक मार्गांनी. ऑक्सिजनचे भय दाखवून जंगल वाचवायला निघालेल्या माणसाला हा हिशेब ठाऊक असलेला एखादा बिलंदर सहज विचारू शकतो, “मग तोडले तर काय बिघडले?” आणि त्यावर उत्तर नसते.

उत्तर पाण्यात आहे. १९७० च्या दशकात ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सलाती यांनी पावसाच्या पाण्यातल्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून) दाखवून दिले की अटलांटिकवरून आलेली वाफ अ‍ॅमेझॉनवर एकदाच बरसून संपत नाही. पाऊस पडतो, झाडे ते पाणी मुळांनी ओढून पानांतून परत हवेत सोडतात, वारा ते पश्चिमेला नेतो, तिथे पुन्हा पाऊस. खोऱ्यातला निम्म्याच्या आसपास पाऊस असा जंगलाने फिरवलेला असतो. पुढे अँडीजला अडून ही वाफ दक्षिणेला वळते आणि दक्षिण ब्राझील, पराग्वे, उत्तर अर्जेंटिना इथल्या शेतीवर पडते. ब्राझीलमध्ये या प्रवाहांना उडत्या नद्या म्हणतात. मधले जंगल तुटत गेले की पुढच्या जंगलाला पाऊस कमी, म्हणजे न तोडलेले जंगलही वाळू लागते. अ‍ॅमेझॉनची काळजी करायची ती यासाठी.

शिवाय एवढ्या घनदाट रानाखालची माती बहुतेक ठिकाणी निकस आहे. पोषण मातीत नाही, ते झाडांत आणि कुजणाऱ्या पाचोळ्यात फिरते आहे. झाडे गेली की पाऊस उरलेसुरले धुऊन नेतो. हेन्री फोर्ड यांना हा धडा महागात पडला. १९२८ मध्ये त्यांच्या मोटार कंपनीने अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या तापाजोस नदीकाठी रबरासाठी फोर्डलांडिया नावाचे अख्खे गाव वसवायला घेतले. रानात रबराची झाडे एकमेकांपासून लांब विखुरलेली असतात, त्यामुळे पानांवरच्या बुरशीला एका झाडावरून दुसऱ्यावर जाणे अवघड जाते. फोर्डच्या माणसांनी ती ओळीने खेटून लावली. बुरशीने मळेच्या मळे बसवले, आणि १९४५ मध्ये सगळा पसारा ब्राझील सरकारला विकून कंपनीने काढता पाय घेतला. तेच झाड, तोच मुलूख, फक्त आजूबाजूचे जंगल नव्हते.

दावा २: उत्तरेकडची सूचिपर्णी जंगले बिनकामाची

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२० च्या पाहणीत जगातले जंगल ४.०६ अब्ज हेक्टर भरले. त्यात ४५ टक्के उष्ण कटिबंधातले, २७ टक्के उत्तरेच्या शीत पट्ट्यातले, १६ टक्के समशीतोष्ण, ११ टक्के उपोष्ण. सर्वात जास्त जंगल असलेला देश ब्राझील नव्हे, रशिया आहे. जगातल्या जंगलाचा चौथ्या हिश्शाहून मोठा भाग बिनकामाचा ठरवण्याआधी त्याच्या खाली काय आहे ते तरी पाहावे.

खाली म्हणतो ते शब्दशः. वर पाहिले तर एकसुरीपणाचा आरोप खोटा नाही. स्प्रूस, पाइन, फर, लार्च, बर्च अशा मोजक्या झाडांवर शेकडो मैल निघून जातात. पण सदाहरित वर्षावनात कार्बनचा मोठा हिस्सा उभ्या खोडांत असतो, तर तैगात, म्हणजे उत्तरेकडच्या या सूचिपर्णी जंगलात, तो जमिनीत. थंडीत कुजणे इतके सावकाश होते की पाचोळा, शेवाळ, मुळे हजारो वर्षे थरावर थर साचत राहतात. पाणथळ भागात त्याचे पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा जाड थर होतो, आणि सैबेरियाच्या मोठ्या भागात ते कायम गोठलेल्या जमिनीत अडकून राहते. जगाच्या जमिनीचा जेमतेम ३ टक्के भाग पीटने व्यापलेला आहे, पण त्यातला कार्बन जगभरच्या जंगलांतल्या सगळ्या झाडांत मिळून आहे त्यापेक्षा जास्त. यातले बरेचसे पीट याच पट्ट्यात आहे.

या साठ्यावरचे झाकण म्हणजे जंगल. रशियाच्या साखा प्रजासत्ताकात बातागाई गावाजवळ १९६० च्या दशकात झाडे तोडली गेली. सावली गेली, शेवाळाचा थर उखडला, ऊन थेट जमिनीवर पडू लागले. खालची जमीन बर्फाने भरलेली होती. ती वितळून खचली, खचलेल्या कड्यावर आणखी ऊन पडले, तो आणखी खचला. आज तिथे सुमारे एक किलोमीटर लांबीची घळ आहे, बातागाइका नावाने ती ओळखली जाते आणि दरवर्षी वाढतेच आहे. मधूनमधून तिच्या कड्यांतून हिमयुगातल्या प्राण्यांचे अवशेष बाहेर पडतात म्हणून ती बातम्यांत येते. लार्चची विरळ, हडकुळी झाडे तिथे काय काम करत होती, ते ती गेल्यावर कळले.

याच्या विरुद्ध एक शास्त्रीय मुद्दा मांडला जातो आणि तो टाळून चालणार नाही. पांढरे बर्फ ऊन परत फेकते, काळपट जंगल ते शोषते. म्हणून उत्तरेकडचे जंगल तोडले तर उजेडाच्या हिशेबात तो प्रदेश थंड होईल, असे संगणकी प्रारूपे सांगतात. परिणाम खरा आहे. उत्तरेच्या उघड्या, झाडे नसलेल्या टुंड्रा प्रदेशावर नव्याने झाडे लावत सुटणे शहाणपणाचे नाही, हे त्यातून निघते. उभे जंगल तोडावे हे मात्र निघत नाही, कारण जमीन वितळली की काय सुटते ते बातागाईला दिसलेच आहे.

वणव्यांचेही तसेच. जॅक पाइनसारख्या झाडांची शंकू-फळे राळेने चिकटून बंद असतात, आगीच्या धगीने ती उघडतात आणि राखेत बी पडते. आग या जंगलाच्या जीवनक्रमातच आहे. पण २०२३ मध्ये कॅनडात दीड कोटी हेक्टरांहून जास्त क्षेत्र जळले, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्मे. न्यूयॉर्कचे आकाश धुराने नारिंगी झाले ते याच वणव्यांमुळे. आग वारंवार आणि खोलवर जाऊ लागली की ती झाडांबरोबर खालचा जुना थरही जाळते, आणि तो थर एका पिढीत परत येणारा नसतो.

दावा ३: म्हातारी झाडे काढून नवी लावा

हा दावा लाकूडधंद्याच्या फार सोयीचा आहे. “झाड वाढायचे थांबले, आता ते नुसते उभे आहे” हे ऐकायलाही पटते. पण २०१४ मध्ये ४०३ जातींच्या झाडांची मोजमापे एकत्र करून केलेल्या अभ्यासात बहुसंख्य जातींत उलटेच दिसले: झाड जितके मोठे, तितके ते वर्षाला जास्त लाकूड अंगावर चढवते. आणि नव्या वाढीचा वेग मोजताना आधी साठलेले विसरायचे कसे? ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याच्या डोंगराळ भागात युकॅलिप्टस रेग्नान्सची जुनी राने आहेत. आपल्याकडे निलगिरी म्हटले की बांधावरच्या काटक्या डोळ्यांसमोर येतात, तिचे हे नातलग मात्र नव्वद-शंभर मीटरपर्यंत जातात. तिथल्या एका जुन्या रानात हेक्टरी १,८६७ टन कार्बन मोजला गेला. जगात मोजल्या गेलेल्या जंगलांतला तो सर्वाधिक, अ‍ॅमेझॉनहून कितीतरी जास्त. हे समशीतोष्ण जंगल आहे. १ जानेवारी २०२४ पासून व्हिक्टोरियात नैसर्गिक जंगलांतली व्यापारी तोड बंद झाली.

पोलंड आणि बेलारूसच्या सीमेवर ब्यावोव्येझाचे जंगल आहे. युरोपच्या सपाट प्रदेशात एकेकाळी पसरलेल्या रानाचा हा उरलेला तुकडा. २०१६ मध्ये पोलंड सरकारने तिथल्या तोडीची मर्यादा तिपटीने वाढवली. कारण दिले साल पोखरणाऱ्या भुंग्याचे: स्प्रूस मरत आहेत, मेलेली झाडे काढली नाहीत तर कीड पसरेल. प्रकरण युरोपियन संघाच्या न्यायालयात गेले आणि एप्रिल २०१८ मध्ये ही तोड बेकायदा ठरली. वनखाते ज्याला घाण समजत होते ती मेलेली झाडेच त्या जंगलाचे वैशिष्ट्य होते. पोखरलेल्या खोडांवर भुंग्यांच्या शेकडो जाती जगतात, त्या भुंग्यांवर तीन बोटांचा सुतारपक्षी जगतो, आणि तो सालीखालच्या त्याच किडीचा फडशा पाडतो.

शेजारच्या जर्मनीत अठराव्या-एकोणिसाव्या शतकात उलटा प्रयोग झाला. मिश्र जंगले काढून एका वयाचे, एका जातीचे स्प्रूस ओळीने लावले. मोजायला सोपे, कापायला सोपे. २०१८ च्या दुष्काळानंतर हार्त्स पर्वतावर याच स्प्रूसचे डोंगरच्या डोंगर भुंग्याने सुकवले. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले इन्स्पेक्टर जनरल डिट्रिश ब्रँडिस जर्मन होते, १८६४ चे. एका वयाच्या सागाच्या रांगा हे चांगल्या जंगलाचे चित्र आपल्या डोक्यात बसले, त्यात त्या परंपरेचा मोठा हात आहे.

दावा ४: ओकीबोकी जंगले आणि माळ म्हणजे बिघडलेली जमीन

मजकुरातला सर्वात घातक दावा माझ्या मते हा, कारण तो थेट महाराष्ट्राला लागू होतो.

एप्रिलमध्ये मेळघाटात किंवा ताडोबात गेलेला नवखा माणूस हिरमुसतो. साग, ऐन, धावडा, सालई, सगळे निष्पर्ण, पायाखाली पाचोळ्याचा कचकच आवाज. हे जंगल मेलेले नाही, पाणी वाचवून बसले आहे. पानांतून जाणारे पाणी थांबवायचे तर पाने टाकणे हाच उपाय. पाने नसतानाच पळस, पांगारा, काटेसावर फुलतात, कारण तेव्हा फुले लांबून दिसतात आणि पक्ष्यांना त्यांच्यापर्यंत पोचायला आडकाठी नसते. मोहाची फुले रात्री गळतात आणि अस्वलापासून माणसापर्यंत सगळे पहाटे त्यांच्या मागे असतात. छत विरळ म्हणून खाली ऊन येते, ऊन येते म्हणून गवत येते, गवतावर चितळ, सांबर, गवे पोसतात आणि त्यांच्यावर वाघ. घनदाट सदाहरित रानात बहुतेक पाला उंचावर असतो, खुरांच्या प्राण्यांना खाली चारा कमी मिळतो. विदर्भात आणि मध्य भारतात वाघ टिकले त्यात या पानझडी जंगलाचा मोठा वाटा आहे. हिरवेपणाच्या फुटपट्टीवर हे जंगल नापास होते. वाघाला त्या फुटपट्टीशी देणेघेणे नाही.

जगात कोरड्या उष्ण जंगलांचे हाल वर्षावनांहून वाईट झाले, आणि त्याचे कारण सरळ आहे. तिथे माणसाला राहायला बरे वाटते. माती बऱ्यापैकी, रोगराई कमी, उन्हाळ्यात काडी लावली की जमीन मोकळी. १९८८ मध्ये अमेरिकी परिसंस्था-अभ्यासक डॅनियल जान्झन यांनी लिहिले की मध्य अमेरिकेच्या पॅसिफिक बाजूच्या कोरड्या जंगलातला दोन टक्क्यांहूनही कमी भाग धड उरला आहे. ते आणि विनी हॉलवॉक्स यांनी कोस्टारिकातल्या ग्वानाकास्तेमध्ये ते परत आणण्याचे काम हाती घेतले, आणि त्यांची पद्धत वृक्षारोपणाच्या भक्तांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. तिथल्या कुरणांवर आफ्रिकेतून आणलेले हरागुआ नावाचे उंच गवत माजले होते, ते दरवर्षी पेटायचे आणि कोवळी झाडे जळायची. त्यांनी भर दिला तो आग थांबवण्यावर. सुरुवातीला गवत खुजे ठेवायला गुरे चरू दिली. मग वाऱ्याने, पक्ष्यांनी, वटवाघळांनी बी आणले आणि जंगल उभे राहिले. हजारो हेक्टरांवर, खड्डे न खणता.

आता माळ. ब्राझीलमध्येच अ‍ॅमेझॉनला लागून सेराडो आहे: गवत, वाकडीतिकडी झाडे, आणि जमिनीखाली खोलवर गेलेली मुळे. ब्राझीलच्या अनेक मोठ्या नद्या तिथे उगम पावतात. २००६ मध्ये सोयाबीनच्या मोठ्या व्यापाऱ्यांनी करार केला की अ‍ॅमेझॉनचे नव्याने तोडलेले जंगल असलेल्या जमिनीवरचा सोया घ्यायचा नाही. करार अ‍ॅमेझॉनपुरता. अ‍ॅमेझॉनला त्याचा फायदा झाला, नांगर मात्र शेजारी सेराडोत चालत राहिला, कारण तिथे त्याला कोणी हटकत नव्हते. आज सेराडोची मूळ वनश्री निम्म्याच्या आसपास गेली आहे. जुलै २०२३ ला संपलेल्या वर्षात अ‍ॅमेझॉनमध्ये सुमारे ९ हजार चौरस किलोमीटर जंगल तुटले, सेराडोत सुमारे ११ हजार. “आधी अ‍ॅमेझॉन वाचवा” या वाक्याची किंमत कोणी मोजली ते या दोन आकड्यांत आहे.

सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, सातारा इथल्या माळांबद्दल आपण सर्रास असे समजतो की तिथे पूर्वी घनदाट जंगल होते, गुरांनी आणि कुऱ्हाडीने ते संपवले. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुन्या मराठी काव्यातले, आख्यानांतले, लोकगीतांतले वनस्पतींचे आणि भूप्रदेशाचे उल्लेख तपासले. त्यांत गवत, बोरीबाभळीसारखी काटेरी झाडे, गुराखी आणि धनगर यांचा मोकळा मुलूखच पुन्हा पुन्हा दिसतो. पश्चिम महाराष्ट्रातली माळराने निदान साडेसातशे वर्षे जुनी आहेत, असा त्यांचा निष्कर्ष. ओव्या म्हणणाऱ्यांना जे दिसत होते, ते आपल्याला पडीक वाटते. सरकारी कागदांतही अशा जमिनींचा बराच भाग पडीक या सदरात जातो आणि मग तिथे गिरिपुष्प, सुबाभूळ यांची रोपे पोचतात. लांडगा, खोकड, काळवीट, चंडोल, धाविक यांना झाडी नको असते. नान्नजचा माळढोक तर लांबवर मोकळे दिसेल अशाच जमिनीवर राहणारा पक्षी. त्याच्या माळावर झाडांच्या रांगा लावणे म्हणजे त्याला निघून जा म्हणणे.

हीच चूक जागतिक पातळीवरही झाली. २०१९ मध्ये एका गाजलेल्या शोधनिबंधाने हिशेब दिला की जगात आणखी ९० कोटी हेक्टरांवर झाडे वाढू शकतात आणि त्यांत २०५ अब्ज टन कार्बन साठेल. वृत्तपत्रांनी तो डोक्यावर घेतला. काही महिन्यांतच अनेक देशांतल्या शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला की यात गवताळ प्रदेश आणि सॅव्हाना, म्हणजे विरळ झाडांची गवताळ राने, मोकळ्या जागा म्हणून धरली आहेत, आणि तिथल्या मातीत आधीच असलेला कार्बन नीट मोजलेला नाही. पुढे लेखकांना आपल्या मांडणीत दुरुस्ती करावी लागली. मूळ बातमी फिरत राहिली, दुरुस्ती फिरली नाही.

सगळे माळ असेच, असे मी म्हणत नाही. काही टेकड्या खरोखर तोडून आणि चारून उघड्या केलेल्या आहेत, तिथे पानझडी जंगल परत यायला हवे. पण कुठली टेकडी कुठल्या प्रकारातली, हे ठरवल्याशिवाय कुदळ मारू नये.

दावा ५: इथे तोडले तर तिथे दुप्पट लावू

ग्रेट निकोबार बेटावरच्या बंदर-विमानतळाच्या प्रकल्पासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल वळते करायचे आहे. ते उष्ण सदाहरित जंगल आहे, वर्षातले बहुतेक महिने भिजणारे, भारताच्या मुख्य भूमीपासून सुमारे दीड हजार किलोमीटर दूर. भरपाईच्या वनीकरणासाठी निवडले गेले हरयाणा. ज्या राज्यात किंवा केंद्रशासित प्रदेशात आधीच भरपूर जंगल आहे, तिथली भरपाई दुसऱ्या राज्यात करायला नियमांत मुभा आहे, तेव्हा कागदावर चूक नाही. हरयाणाच्या अरवलीतही स्वतःचे जंगल आहे, आपल्या धावड्याचा भाऊबंद असलेल्या धोक नावाच्या झाडाचे, कोरडे आणि काटेरी. त्याची निगा राखायलाच हवी, पण ती त्याच्यासाठी. निकोबारी मेगापोड हा पक्षी समुद्रकाठच्या रानात मातीचा आणि पाचोळ्याचा ढिगारा करून त्यात अंडी उबवतो. गुडगावच्या बाजूला लावलेल्या झाडाने त्याचे काय व्हायचे?

किनाऱ्यावरही हेच. १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातल्या गावांचा अभ्यास सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांनी केला. ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मधे खारफुटीचा पट्टा रुंद होता, तिथे माणसे कमी दगावली. २००४ च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत खारफुटी लावण्याचा धडाका सुरू झाला. पुढे २३ ठिकाणे तपासली गेली, त्यांपैकी ९ ठिकाणी एकही रोप जिवंत सापडले नाही. चुकीच्या उंचीवर, चुकीच्या जातीची, लावून सोडून दिलेली रोपे. खारफुटीत भरतीचे पाणी किती वेळ साचते यावर जात ठरते. तिवर कुठे, कांदळ कुठे, चिप्पी कुठे, हे कोकणातला खाडीतला मासेमार पाहून सांगेल. आहे ती खारफुटी राखणे स्वस्त पडते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिच्या तोडीवर बंदी घातली ती याचमुळे मोलाची, अंमल कितीही कुरकुरत होत असला तरी.

काही जंगले तर लावताच येत नाहीत. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे जायफळाच्या जंगली भावंडांची दलदल आहे. बारमाही ओल, चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली मुळे, आणि वाळले की मरणारे बी, जे साठवून ठेवता येत नाही. गोव्यात सत्तरीतल्या बांबरच्या निरंकाराच्या रायीतही अशी दलदल आहे. दोन्ही ठिकाणे टिकली ती देवाच्या नावाने, कुऱ्हाड लागली नाही म्हणून. ओढ्याचे पाणी वळवले तर एकही झाड न तोडता ही जंगले संपतील, आणि भरपाईच्या कोष्टकात तोडलेल्या झाडांची संख्या शून्य दिसेल.

दावा ६: भारताचे वनक्षेत्र वाढतेच आहे

भारतीय वन सर्वेक्षणाचा २०२३ चा अहवाल सांगतो: वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर, म्हणजे २१.७६ टक्के. त्याबाहेरची झाडी धरून २५.१७ टक्के. आकडे खरे आहेत. फक्त वनाच्छादन कशाला म्हणायचे ते पाहावे: एक हेक्टर किंवा त्याहून मोठा कुठलाही तुकडा, जिथे झाडांचे छत दहा टक्क्यांहून जास्त. जमीन कोणाची आणि झाडे कुठली हे विचारायचे नाही. नारळ, रबर, कॉफीचे मळे, आंब्या-काजूच्या बागा, सगळे यात येते. उपग्रहाला छत दिसते, छताखालचे दिसत नाही, त्यामुळे मोजणी म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण वनशास्त्रज्ञ चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ मध्येच भारतातल्या जंगलांचे १६ मोठे गट पाडून दाखवले होते. एकूण टक्केवारी वाढली, तेव्हा या सोळांपैकी कोण वाढले आणि कोण घटले, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.

रत्नागिरी घ्या. वनखात्याच्या ताब्यातली जमीन तिथे नगण्य, तरी अहवालात जिल्ह्याचा सुमारे निम्मा भाग वनाच्छादित दिसतो. त्यात डोंगरउतारावरची खरी राने आहेत, देवराया आहेत, आणि हापूस-काजूही आहेत. तिथे एखादा कातळसडा सुरुंगाने फोडून, माती आणून टाकून कलमे लावली, तर काही वर्षांनी वनाच्छादनात भर पडते. सड्यावरचे गवत, पावसाळ्यात चार महिने फुलणाऱ्या आणि बाहेर फारशा न सापडणाऱ्या वनस्पती, त्यावरच्या टिटव्या आणि चंडोल हे मात्र कुठल्याच रकान्यात वजा होत नाहीत.